रक्ताचं, मानलेलं आणि निभावलेलं

॥ श्रीगुरवे नमः ॥

साप्ताहिक अभ्यास. विषय : कुटुंब कशानं होतं?



मध्यप्रदेशात राहणाऱ्या आपल्या सगळ्यांकडे समग्र आयडी आहे. परिवाराचा आठ अंकी नंबर आणि त्यातल्या प्रत्येक सदस्याचा नऊ अंकी. बाहेरगावच्या मंडळींकडे रेशन कार्ड असेल. सरकारला विचारलं की कुटुंब म्हणजे कोण, तर उत्तर त्या कागदावर छापलेलं आहे. पण घरात अडचण आली की आपण पहिला फोन ज्यांना लावतो, त्यांतली किती नावं त्या कागदावर असतात? आणि कागदावर ज्यांची नावं आहेत, त्यांच्यातल्या किती जणांशी गेल्या महिन्यात पाच मिनिटं निवांत बोललो?

हा विषय घ्यायचं कारण म्हणजे वेगवेगळ्या गावांच्या ग्रुपवरून आलेले तीन प्रश्न.

वडोदऱ्याच्या एका ताईंचा मुलगा बंगळुरूला नोकरी करतो. तो म्हणतो, "आई, इथे मी ज्यांच्याबरोबर राहतो तेच माझी फॅमिली आहेत." ताईंना वाईट वाटलं. त्यांनी विचारलं, मग आम्ही कोण?

हैदराबादच्या एका आजोबांची दोन्ही मुलं परदेशात. शेजारचा मुलगा त्यांना दवाखान्यात नेतो, गॅस लावून देतो, रात्री एकदा डोकावून जातो. आजोबा विचारतात, याला मी मुलगा म्हटलं तर माझ्या मुलांवर अन्याय होईल का?

आणि बेळगावच्या एका वहिनींनी लिहिलं, "मला आता सत्संगातली माणसंच आपली वाटतात. घरच्यांशी माझं मन जुळत नाही. हे बरोबर आहे का?"

तिन्ही प्रश्न वरून वेगळे दिसतात, पण आत एकच प्रश्न आहे. माणूस आपलं कशानं होतं? जन्मानं, आवडीनं, की आणखी कशानं? या आठवड्यात त्यावर विचार करू.

१) आधी आपल्याच घरात बघू

"शेवटी रक्ताचं ते रक्ताचंच" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. म्हणणारी बहुतेक वेळा एखादी सासूबाई किंवा आत्याबाई असते. पण त्या सासूबाईंनाच विचारावं, तुम्ही या घरात आलात तेव्हा इथल्या कोणाशी तुमचं रक्ताचं नातं होतं? मामाच्या मुलीशी लग्न करायची चाल जिथे आहे ती घरं सोडली, तर कोणाशीच नाही.

तरी पन्नास वर्षांनी घराचा कुळाचार कोणाला पाठ असतो? सुनेला. महालक्ष्म्यांना किती भाज्या, बोडणाला कोणाकडून काय, कोणत्या दिराला वांगं चालत नाही, मामंजींची बीपीची गोळी सकाळची की रात्रीची, सगळं तिलाच माहीत. त्या घरात जन्मलेला मुलगा प्रत्येक वेळी विचारतो, "अगं, आपलं गोत्र कोणतं?" आणि दुसऱ्या गोत्रातून आलेली ती सांगते.

म्हणजे ज्याला आपण रक्ताचं कुटुंब म्हणतो, त्याच्या मधोमध एक असं नातं आहे की ज्यात रक्त नाहीच. नवरा आणि बायको. सगळं घर त्याच्यावर उभं आहे.

आपल्या इंदूरचं उदाहरण तर घराघरात ठाऊक आहे. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव होळकर पडले. मल्हाररावांनी सुनेला सती जाऊ दिलं नाही, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. तिला त्यांनी कारभार शिकवला, मोहिमेवरून पत्रं लिहून तोफखान्याची, रसदीची कामं सोपवली. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी अहिल्याबाईंचा मुलगा मालेराव गेला. मग १७६७ पासून १७९५ पर्यंत त्या सुनेनं राज्य सांभाळलं. फौजेचं काम बघायला तुकोजी होळकर होते. तेही मल्हाररावांचे पोटचे नव्हेत, विश्वासातले. ज्या घराण्याचं नाव आज आपण आदरानं घेतो, ते त्या अठ्ठावीस वर्षांत एका सुनेनं आणि एका विश्वासू माणसानं चालवलं.

तेव्हा वडोदऱ्याच्या ताई, तुमच्या मुलानं चार परक्या मुलांना आपलं म्हटलं, यात नवीन काही नाही. परक्या घराला आपलं म्हणण्याचं काम तुम्हीही केलंय, आणि आयुष्यभर केलंय.

२) कर्णानं काय उत्तर दिलं

महाभारतातल्या उद्योगपर्वात कृष्णाची शिष्टाई फसते. परत निघताना तो कर्णाला रथात घेतो आणि एकांतात सांगतो, तू कुंतीचा मुलगा आहेस, पांडवांचा थोरला भाऊ. चल माझ्याबरोबर, राज्य तुझं.

विचार करा, आयुष्यभर ज्याला सूतपुत्र म्हणून हिणवलं, त्याला एका क्षणात खरे आईबाप, पाच भाऊ आणि सिंहासन मिळतंय. आणि कर्ण नाही म्हणतो.

त्यानं दिलेली कारणं नीट बघण्यासारखी आहेत. त्याच्या बोलण्याचा भाव असा : कुंतीनं मला सोडलं, अधिरथानं घरी नेलं. मला बघून राधेला पान्हा फुटला. तिनं माझं मलमूत्र काढलं. अशा आईच्या पिंडाला मी कसा नाही म्हणू? अधिरथानं माझं जातकर्म केलं, नाव ठेवलं, माझी लग्नं लावून दिली, माझी मुलं-नातवंडं त्याच घरात आहेत. सगळी पृथ्वी दिली, सोन्याच्या राशी दिल्या तरी हे नातं मी खोटं करणार नाही.

यात "राधा मला आवडते" असं वाक्य कुठे नाही. "आमचे विचार जुळतात" असंही नाही. कर्ण कामांची यादी सांगतो. दूध पाजलं, घाण काढली, संस्कार केले, लग्न लावलं. आणि त्या बदल्यात माझ्याकडे काय आलं, तर पिंडाची जबाबदारी. सुरुवातीला त्यांनी माझं केलं, शेवटी मी त्यांचं करायचं. मधल्या काळात दोघांनी एकमेकांना सोडायचं नाही. कुटुंबाची याहून सोपी व्याख्या मला तरी मिळाली नाही.

पण दोन गोष्टी आणखी आहेत, त्या सोडून पुढे जाता येणार नाही.

पहिली : कर्णानं रक्ताचं नातंही पूर्ण झटकलं नाही. पुढे गंगेकाठी कुंती त्याच्याकडे येते, तेव्हा तो तिला शब्द देतो की अर्जुन सोडून बाकी चौघांना मी मारणार नाही. जन्म दिलेल्या आईचाही एक वाटा असतो, हे त्यानं मानलं.

दुसरी : कर्णानं आणखी एक नातं निवडलं होतं, दुर्योधनाचं. तेही त्यानं जिवापाड निभावलं. आणि त्याच नात्यानं त्याला द्यूतसभेत अधर्माच्या बाजूला बसवलं. म्हणून, आपण निवडलंय एवढ्यानं एखादं नातं चांगलं ठरत नाही. निवड राधेचीही असते आणि दुर्योधनाचीही. जो आपल्याला चुकीच्या वेळी थांबवतो तो आपला. जो फक्त आपल्या बाजूनं टाळ्या वाजवतो, त्याच्याकडे पुन्हा एकदा नीट बघावं.

३) रक्ताकडे काय असतं

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की रक्ताच्या नात्याला काहीच किंमत नाही. तसं नाही.

रक्ताच्या नात्याचा मोठा गुण हा की ते आपल्या आवडीवर चालत नाही. मैत्रीण निवडताना आपण आपल्यासारखीच निवडतो. तेच वय, तीच आवड, तेच विनोद. भाऊ-बहीण मात्र देवानं दिलेले. एक कंजूष, एक उधळा, एकाला देव नको, एकाला देवाशिवाय काही नको. आणि तरी एका ताटात जेवायचं. सहन करणं, पटत नसलेल्या माणसावरही माया करणं, हे माणूस पहिल्यांदा घरातच शिकतो. मैत्रीच्या ग्रुपवर भांडण झालं की "एक्झिट" करता येतं. घराच्या ग्रुपवरून रागानं एक्झिट झालेले काका दिवाळीला फराळाला येतातच, आणि चकली कडक झालीय हेही सांगतातच.

आळंदीच्या चार भावंडांचं बघा. आईवडील गेले, समाजानं दूर लोटलं, तेव्हा निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई एकमेकांना धरून राहिले. आणि आपल्यासाठी विशेष म्हणजे ज्ञानदेवांचे गुरू त्यांचे थोरले भाऊच. निवृत्तिनाथ रक्तानं भाऊ होते, शिष्य होऊन ज्ञानदेवांनी त्यांना पुन्हा एकदा स्वीकारलं. एकाच माणसाशी दोन्ही नाती. रक्ताचं आणि मानलेलं यांत भांडण असायलाच हवं असं नाही, हे यातून कळतं. ज्या भावाला आपण फक्त जन्मामुळे भाऊ म्हणतो, त्याला एकदा आपण होऊनही भाऊ म्हणावं. मग ते नातं दोन दोऱ्यांनी शिवल्यासारखं पक्कं होतं.

४) पण घरानंच टाकलं तर?

काही जणांना हा पर्यायच नसतो. घरात मारहाण आहे, अपमान आहे, किंवा घरानं दारच बंद केलंय. अशा माणसाला "काही झालं तरी आपलीच माणसं" असं सांगणं ही दया नव्हे.

बाबा आमटे आणि साधनाताईंनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती सुरू केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभं राहिलं. तिथे आलेल्या कितीतरी लोकांना त्यांच्या सख्ख्यांनी घराबाहेर काढलं होतं. बोटं झडलेल्या माणसांनी तिथे विहिरी खणल्या, शेती केली, लग्नं केली, संसार थाटले. त्यांना कोणी विचारलं असतं तुमचं कुटुंब कोण, तर ते गावाकडे बोट दाखवणार की शेजारी कुदळ चालवणाऱ्याकडे?

ज्यांना घरानं टाकलं, त्यांच्यासाठी मानलेलं कुटुंब ही हौस नसते. त्यांचं जगणंच त्याच्यावर असतं. आपल्या केंद्रात असं कोणी आलं तर "घरी कोण कोण असतं?" हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारू नये, एवढं तरी आपण पाळू.

५) आपल्या केंद्रातली गोष्ट

हा अनुभव आपल्याच केंद्रातला आहे. नाव-गाव सांगत नाही.

आमच्याकडे एक काकू होत्या. निवृत्त शिक्षिका, लग्न केलं नव्हतं, दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहायच्या. एका सकाळी त्यांना लकवा मारला. भाचा दुसऱ्या शहरात. आम्ही चौघी गुरुभगिनींनी त्यांना दवाखान्यात नेलं. भरती करताना फॉर्मवर रकाना होता, रुग्णाशी नातं. आमच्यातल्या एकीनं लिहिलं, "बहीण". खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "लेकिन सरनेम तो अलग है." ती म्हणाली, "बेटा, बहन का सरनेम तो अलग ही होता है." त्या वेळीही हसू आलं.

पण सहीची वेळ आली तेव्हा हसण्यासारखं काही राहिलं नाही. ऑपरेशनच्या कागदावर नातेवाइकाचीच सही पाहिजे म्हणाले. भाच्याला फोन लावला. तो दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला, तोवर सगळं थांबलं.

पुढचे पाच महिने आमच्या पाळ्या लागल्या होत्या. माझी मंगळवार आणि शुक्रवार. अंग पुसणं, डायपर बदलणं, मऊ भात भरवणं, पाठीला फोड येऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं. भाचा महिन्यातून एकदा यायचा, सगळी बिलं तोच भरायचा. एकदा बाहेरच्या बाकावर बसून म्हणाला, "मावशीला चहात साखर लागते की नाही, हेही मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे." त्याच्या आवाजात लाज होती. आम्हीही त्याला तसंच सोडलं नाही. साखर अर्धा चमचा, आणि आलं नको, हे सांगितलं. पुढच्या खेपेला चहा त्यानं केला.

आणि एक दिवस वेगळंच घडलं. काकू दोन दिवस डोळे उघडत नव्हत्या. आम्ही हाका मारून दमलो. भाचा आला, कॉटजवळ वाकून म्हणाला, "मावशी, मी आलोय." काकूंनी डोळे उघडले आणि त्यांच्या मोठ्या बहिणीचं, म्हणजे त्याच्या गेलेल्या आईचं नाव घेतलं. त्याच्या बोलण्याची ढब हुबेहूब आईसारखी होती म्हणे. आम्ही चौघींनी पाच महिने सगळं केलं, पण काकूंचं लहानपण त्या खोलीत आणणं आमच्या हातात नव्हतं. ते त्याच्याकडे होतं, जन्मानं आलेलं.

तेव्हापासून "रक्त मोठं की प्रेम मोठं" हा वाद मला निरर्थक वाटतो. काकूंना दोघं लागले. भाचा एकटा पुरला नसता, आम्हीही पुरलो नसतो.

६) तर्पणात कोणाकोणाला पाणी आहे

काकूंना अग्नी भाच्यानं दिला. तिलांजली आम्हीही दिली. कोणी म्हणालं, तुमचा काय संबंध? याचं उत्तर आपल्या धर्मात आधीच आहे.

पितृपक्षातल्या महालयाची यादी कधी लक्ष देऊन ऐकलीय? वडील, आजोबा, पणजोबा, आई, आजी यांच्यापासून सुरू होते. पुढे सावत्र आई, काका, मामा, आत्या, मावशी, बहीण, सासू-सासरे येतात. आणि शेवटी गुरू, आचार्य, शिष्य, आप्त, सखा. म्हणजे मित्रालाही पाणी आहे. त्याच्याही पुढे, ज्यांचं करणारं कोणी नाही त्यांच्यासाठी धर्मपिंड आहे.

माघ शुद्ध अष्टमीला भीष्माष्टमी असते. भीष्मांना मूलबाळ नव्हतं. म्हणून त्या दिवशी त्यांना सगळ्यांनी पाणी द्यावं असं शास्त्र सांगतं, मग तो कोणत्याही गोत्राचा असो. आणि युद्ध संपल्यावर गंगेवर तिलांजलीची वेळ आली, तेव्हा कुंतीनं शेवटी तोंड उघडलं, कर्ण तुमचा थोरला भाऊ होता, त्यालाही पाणी द्या. युधिष्ठिरानं दिलं.

हैदराबादचे आजोबा, तुम्ही शेजारच्या मुलाला मुलगा म्हटलंत तर तुमच्या मुलांवर अन्याय होत नाही. आपल्या पूर्वजांनी यादी लांब ठेवली आहे. एकाचं नाव वाढवताना दुसऱ्याचं खोडावं लागत नाही. फक्त मुलांना हे तुमच्याच तोंडून, वेळेत कळू द्या. मागून कळलं की गैरसमज होतात.

७) प्रेम आहे, मग कागदही करा

हा मुद्दा थोडा रुक्ष आहे, पण काकूंच्या प्रसंगानंतर तो टाळता येत नाही. ग्वाल्हेर, इंदूर आणि वडोदरा, तिन्ही गावांच्या इतिहासात तो लिहिलेला आहे.

झाशीच्या गंगाधररावांनी नोव्हेंबर १८५३ मध्ये, मृत्यूच्या आदल्या दिवशी, नेवाळकरांच्याच कुळातला पाच वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. त्याचं नाव दामोदरराव ठेवलं. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीनं तो मुलगाच होता. इंग्रजांनी मात्र गादीवरचा त्याचा हक्क नाकारला आणि झाशी खालसा केली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. जून १८५८ मध्ये राणी ग्वाल्हेरला पडल्या. त्या पोराला राणीच्या निष्ठावंत माणसांनी जपलं. पुढे तो आपल्या इंदूरला आला आणि १९०६ मध्ये इथेच वारला.

आता वडोदरा बघा. १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी कवळाण्याच्या काशीराव गायकवाडांचा मुलगा गोपाळराव दत्तक घेतला. तोच सयाजीराव महाराज. सक्तीच्या शिक्षणापासून ग्रंथालयांपर्यंत त्यांनी काय काय केलं ते वडोदऱ्याच्या मंडळींना सांगायला नको. झाशीत आणि वडोदऱ्यात नातं एकच होतं, दत्तकाचं. फरक एवढाच की मधल्या काळात, १८६२ मध्ये, लॉर्ड कॅनिंगनं संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या होत्या. एका आईच्या हातात सरकारला मान्य असा कागद नव्हता, दुसरीच्या बाजूनं होता.

आजही तसंच आहे. म्हणून ज्यांची मानलेली नाती खरी आहेत त्यांनी हे करून ठेवावं :

- मानलेल्या मुलाला किंवा बहिणीला कायद्यानं आपोआप काही मिळत नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे, रूढीचा अपवाद सोडला तर, पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला दत्तकही घेता येत नाही. त्यामुळे कोणाला काही द्यायचं असेल तर मृत्युपत्र करा. ते साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ज्याला मिळणार तो साक्षीदार नसलेला बरा.

- बँकेत नॉमिनी कोण आहे ते बघून घ्या. काकूंच्या खात्यावर त्यांच्या गेलेल्या बहिणीचंच नाव होतं. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. त्याला पैसे फक्त ताब्यात मिळतात, वारस वेगळा असू शकतो.

- आपण बोलू शकलो नाही तर उपचार किती आणि कुठवर करायचे, हे आधी लिहून ठेवायला सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी लागतो. आपल्या वतीनं कोणी निर्णय घ्यायचा त्यांची नावं त्यात लिहिता येतात.

- घरातल्या रक्ताच्या माणसाचा आणि मानलेल्या माणसाचा फोन नंबर एकमेकांकडे असू द्या. यात पैसा लागत नाही आणि हेच आपण विसरतो.

न्यायालयंही आता हळूहळू आपल्या घरांकडे बघून बोलू लागली आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर चंदीगडच्या एका परिचारिकेचं प्रकरण होतं. नवऱ्याच्या आधीच्या लग्नाची दोन मुलं ती सांभाळत होती, म्हणून तिच्या स्वतःच्या बाळाला तिसरं धरून बाळंतपणाची रजा नाकारली होती. न्यायालयानं तिला रजा दिली. आईवडील आणि त्यांची मुलं एवढीच कुटुंबाची चौकट नसते, पुनर्विवाह, दत्तक, सांभाळलेलं मूल, लग्नाशिवायचं किंवा समलिंगी सहजीवन अशी त्याची रूपं असू शकतात, आणि त्यांनाही कायद्याचं संरक्षण हवं, असं त्या निकालात आहे.

८) सत्संग आणि घर

आता बेळगावच्या वहिनींचा प्रश्न.

वहिनी, गुरुबंधू आणि गुरुभगिनी हे मानलेलंच कुटुंब आहे. त्यात तुम्हाला आपलेपण मिळतं हे चांगलंच आहे, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. पण एक प्रश्न स्वतःला विचारून बघा. सत्संगातली माणसं जवळची वाटतात ती आपण त्यांचं काही करतो म्हणून, की ती आपल्याला कधी टोकत नाहीत म्हणून? आठवड्यातून दोन तास सगळेच गोड असतात. त्यांच्यापैकी कोणाची कूस दर दोन तासांनी बदलायची वेळ आली, तर ते नातं कुटुंब होईल. तोवर तो चांगला शेजार आहे.

आणि घरच्यांशी मन जुळत नाही म्हणता, तर मन जुळणं ही कुटुंबाची अट कधी नव्हतीच. सासूबाईंचं जेवण वेळेवर झालंय का, मुलीच्या परीक्षेची तारीख माहीत आहे का, नवऱ्याशी आज एक वाक्य शांतपणे बोललो का, एवढं आधी. ते करून सत्संगाला या. घरात खरोखर छळ असेल तर गोष्ट वेगळी, मग आम्ही तुमच्या पाठीशी आहोत, निःसंकोच कळवा. पण फक्त कंटाळा आला म्हणून केंद्रात येऊन बसलो, तर राधेला सोडून दुर्योधनाच्या सभेत बसल्यासारखं होईल. तिथे मान मिळतो, पण आपलं खरं काम घरी पडून राहतं.

वडोदऱ्याच्या ताईंसाठी पण हीच कसोटी उपयोगाची आहे. मुलाला रागावू नका. पुढच्या फोनवर विचारा, "तुझ्या त्या फॅमिलीत कोणाला ताप आला तर खिचडी कोण करतं?" त्यानं "मी करतो" म्हटलं, तर समजा की तुमचे संस्कार तिथे पोचलेत. आणि त्या मुलांच्या आयांचे नंबर घेऊन ठेवा. तुमचंही कुटुंब तेवढं वाढलं.

या आठवड्याचं चिंतन (घरी सगळ्यांनी बसून करावं, मुलांनाही बोलू द्यावं)

१. ज्यांनी माझं "मलमूत्र काढलं", म्हणजे माझ्या सगळ्यांत अवघड काळात न लाजता माझं केलं, अशा पाच जणांची नावं लिहा. त्यांतले रक्ताचे किती, मानलेले किती?

२. मी असं कोणाकोणाचं केलंय? ही यादी पहिलीपेक्षा लहान असेल तर या वर्षी कोणतं एक नाव वाढवता येईल?

३. रक्ताच्या कोणत्या एका माणसाशी बोलणं बंद आहे? त्यात छळ होता, की फक्त अहंकार? फक्त अहंकार असेल तर या रविवारी एक फोन.

४. माझं एखादं मानलेलं नातं असं आहे का, जे मला चुकीच्या वेळी कधीच थांबवत नाही?

५. नॉमिनी, मृत्युपत्र, फोन नंबर. यांपैकी कोणतं काम राहिलंय? एकच निवडा आणि पुढच्या बैठकीपर्यंत करा.

या वर्षी ज्यांच्या घरी महालय होईल, त्यांनी गुरुजींना सांगून आप्त-सखा यांच्या जागी एखाद्या मानलेल्या माणसाचं नाव आठवणीनं घ्यावं. आम्ही चौघी काकूंचं घेणार आहोत, भाच्यानं त्याच्या यादीत घेतलं असलं तरी.

उत्तरं ग्रुपवर टाकायची नाहीत, वहीत लिहायची. बैठकीत ज्यांना वाटेल त्यांनी बोलावं.

आपली एक गुरुभगिनी,
इंदूर